पाच घरचा गहू

शनिवारी संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"आई, तू बरी आहेस ना? तुमच्या बिल्डिंगमधून कोणीतरी मला कळवलंय की तू ताटली घेऊन दारोदार गहू मागत फिरत होतीस."

"फिरत होते," मी म्हणाले. "गुडघा बरा आहे. वर लिफ्टने गेले, खाली जिन्याने आले."

तो हळूच म्हणाला, "घरात गहू संपलेत का?"

गहू होते. डबा भरलेला होता. दोन मिनिटांनी त्याला आपलं आपणच आठवलं आणि तो हसायला लागला. "अरे हो, कानबाई! श्रावण लागला का तिकडे?" पण त्याने निदान लहानपणी हे पाहिलेलं आहे. तुम्हा तिघा नातवंडांना तिकडे परदेशात आठवायला काहीच नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

कानबाई ही आपल्या खानदेशातली देवी. तिला मोठं देऊळ नसतं, पुजारी नसतो. ती म्हणजे एक नारळ. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, छोटं लुगडं नेसवायचं आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर बसवायचं. एक रात्र ती घरी राहते. सोमवारी तिला डोक्यावर घेऊन पाण्याला भेटवून आणायचं. आपल्या घरी नारळ बुडवत नाहीत, परत आणून कापडात बांधून ठेवतात. काही घरी बुडवतात. घरोघरची रीत निराळी.

तिचा प्रसाद म्हणजे रोट. गव्हाच्या जाड, गोड भाकरीसारखे असतात. सोबत खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, चण्याची डाळ. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, तो वेगळा दळायचा आणि त्याचेच रोट करायचे. त्या शनिवारी इथले गिरणीवाले गिरणी धुऊन घेतात आणि रोटांच्या दळणाशिवाय दुसरं काही घेत नाहीत. हे रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. बाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे.

आता गहू मागण्याचं. ते सगळ्या खानदेशात नाही, ते आपल्या घरचं आहे. पाच घरी मागून आणलेले गहू डब्यातल्या गव्हात मिसळायचे आणि मग मुठी मोजायच्या.

माझं लग्न झालं तेव्हा मी धुळ्याची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, स्वतःला पुष्कळ शहाणी समजणारी मुलगी होते. तुमचे आजोबा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. आम्हाला वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. सासरे वारले होते आणि देवी थोरल्या मुलाच्या घरी राहते, म्हणून पहिल्याच श्रावणात सासूबाई सोनगीरजवळच्या आपल्या गावाहून नारळ कापडात बांधून, मांडीवर धरून एस. टी. ने आल्या. त्यांना सगळे माय म्हणत, मीही म्हणायचे. शनिवारी सकाळी त्यांनी माझ्या हातात पितळी ताटली दिली.

"जाय, पाच घरना गहू मांगी लई ये."

मला वाटलं, गंमत करताहेत. "माय, डब्यात आहेत ना गहू."

"डबाना गहू तुना. तिले मांगेल गहू लागस."

त्या वसाहतीत मी नुकती शिकवण्या घ्यायला लागले होते. साहेब लोकांची मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत. त्यांच्या दारात ताटली घेऊन कसं उभं राहायचं? मी नवऱ्याकडे पाहिलं, तर ते वर्तमानपत्रामागे गेलेले. मग मी शहाणपणा केला. डब्यातले पाच मुठी गहू पिशवीत घातले, पिशवी पदराखाली घेतली आणि बाहेर पडले. वसाहतीतल्या बागेत एका बाकावर अर्धा तास बसले. समोर त्या प्रचंड चिमण्या, धूर सरळ वर चाललेला. अर्ध्या तासाने गहू ताटलीत ओतून घरी आले.

मायने ताटली सुपात उलटी केली, बोटाने गहू पसरले आणि माझ्याकडे बघितलं.

"पाच घरना गहू, आनि बठ्ठा एकच वावरना?"

सगळा एकाच शेतातला, हे त्यांना लगेच दिसलं. पाच घरचा गहू पाच तऱ्हेचा असतो. कोणाचा टपोरा, कोणाचा लालसर, कोणाचा बारीक, कोणात खडे. हे मला कळायला हवं होतं, पण मी कधी कोणाचा गहू निवडला होता? पुढे तीस वर्षं मी शाळेत मुलांच्या कॉप्या पकडल्या. दर वेळी मला ते सूप आठवायचं आणि मी मुलाला जरा कमी रागवायचे.

माय रागावल्या नाहीत. त्यांनी चपला घातल्या, माझं मनगट धरलं आणि मला घेऊन निघाल्या. पहिल्या दारात त्याच बोलल्या. दुसऱ्या दारात मला पुढे केलं. शेजारची बाई आंध्राकडची होती. तिच्याकडे गहूच नसायचे, तिने मोठ्या प्रेमाने तांदूळ घातले. मायने ते हसून घेतले आणि जिन्यात मला म्हणाल्या, "ह्या खिरले. मोजामा नही." चार घरं झाल्यावर मला वाटलं पाचवं घर डॉक्टरांचं करू, ते जवळच होतं. माय थांबल्या.

"पाचवं घर आपलापेक्षा गरीब पाहिजे."

"गरिबाकडे का मागायचं, माय? त्यालाच नसतं."

"म्हनीसनच."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासूबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या, पदरात दोन मुलं. दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जायच्या. एका श्रावणात घरात गव्हाचा दाणा नव्हता. गल्लीतल्या सगळ्या घरांतून रोटांचा वास येत होता आणि मुलं दारात बसून तो वास घेत होती. तेव्हा त्यांनी नारळ मांडला आणि गहू मागायला निघाल्या. चार घरी मिळालं. पाचवं घर होतं एका म्हातारीचं, जिच्याकडे स्वतःलाच नव्हतं. तिने मडकं उपडं करून झाडलं आणि जे पडलं ते दिलं. त्या वर्षी देवी बसली. पुढे शेत झालं, पोती भरली, तरी त्या दर वर्षी ताटली घेऊन निघायच्या.

"ती गरिबनी माय शे," माय म्हणाल्या. "जठे कोनी मांगस नही, तठे ती बठस नही."

पाचवं घर वसाहतीच्या कुंपणाबाहेर, बांधकामावर काम करणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांत निघालं. तिथल्या बाईने माझी इस्त्रीची साडी पाहिली, ताटली पाहिली, आणि काही न विचारता पत्र्याच्या डब्यात हात घातला. एक मूठ दिली. मग माझ्या तोंडाकडे बघून अजून एक दिली. मला काय झालं होतं कोण जाणे, मी रडत होते.

तेव्हापासून दर श्रावणात मी मागायला गेले. दीपनगरला गेले, आजोबांच्या निवृत्तीनंतर इथे जळगावला गेले. लाज पूर्ण कधीच गेली नाही. माय म्हणायच्या, जायला पण नको.

तुम्ही जन्मलात तसं मी तुमची नावं मोजणीत घातली. गावाकडे जुनी पद्धत अशी की मूठ फक्त पुरुषांच्या नावाने मोजायची, आणि जो पंगतीला बसणार नाही त्याची मोजायचीच नाही. मायने दोन्ही मोडलं होतं. त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. "खावानं तोंड शे ना? मंग मोज," एवढंच. म्हणून तुम्हा दोघी बहिणींची मूठ तुम्ही पाळण्यात असल्यापासून आहे, आणि धाकट्याची तो तिकडे दवाखान्यात जन्मला त्या वर्षापासून. तुम्ही एकदाही पंगतीला बसला नाहीत. तुमचे रोट मी आणि आजोबा खात होतो. आजोबा एकेक रोट हातात घेऊन म्हणायचे, "हा कोणाचा? मोठीचा? मोठीला तूप जास्त लागतं," आणि स्वतःच्याच ताटात तूप ओढायचे.

मागच्या वर्षी आजोबा गेले. त्या श्रावणात देवी बसवली नाही. या वर्षी आषाढातच गावाहून माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. ती तुमची धाकटी आजी. तिने लांबण लावली नाही.

"अक्का, कानबाई आते गावले येवू दे. तोंडं बठ्ठा आठे, देवी तठे. तू एकली काय करशी?"

तिचं बरोबर होतं. गावात बारा माणसं आहेत. पूर्वी सगळी जीपमध्ये भरून रविवारी आमच्याकडे यायची. आता कोणाला फवारणी, कोणाची परीक्षा, कोणाचं दुखणं. त्यांचे रोट डब्यात भरून गावाला जायचे. पण मला पुढचं दिसत होतं. नारळ एकदा गावी गेला की तिथल्या रीतीने मोजणी होणार. जो बसत नाही त्याची मूठ नाही. मुलींची तर नाहीच. तुमच्या तीन मुठी त्या ताटातून जाणार.

तुम्ही म्हणाल, आजी, तीन मुठी गव्हाने काय होतं? काही होत नाही. पण या देशात तुमच्या नावाचं दुसरं काय आहे? रेशनकार्डावर नाही, मतदार यादीत नाही, शाळेच्या हजेरीत नाही. वर्षातून एकदा कोणीतरी तुमचं नाव घेऊन मूठ भरतं, एवढंच आहे.

मी म्हटलं, "या वर्षी इथेच बसवते. मग बघू." ती म्हणाली, "बस बसाड. मी येस."

म्हणून शनिवारी सकाळी मी ताटली घेऊन निघाले. एकटी, पंचाहत्तरीची.

पहिल्या अडचणीचा मी विचारच केला नव्हता. लोकांकडे गहू नाहीत! सहाव्या मजल्यावरच्या मुलीने साखळी न काढता दार किलकिलं केलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, आमच्याकडे आट्याची पिशवी असते. चालेल?" पाचव्यावर तेच. चौथ्यावर ओट्स. एका घरी तर सूनबाई म्हणाली, "थांबा, दहा मिनिटांत मागवून देते," आणि फोन हातात घेतला. मी म्हटलं, "अगं, मागवलेले नको, मागितलेले हवेत." ती माझ्याकडे बघत राहिली. बहुधा तिनेच बाबाला कळवलं असावं. तिचा दोष नाही.

अकरा दारं झाली तेव्हा चार घरचा गहू जमला. दोन घरं शेतकऱ्यांची होती, गावाहून पोतं येणारी. एका आजोबांनी पाखरांसाठी ठेवलेल्यातले दिले. एक बाई धुळ्याकडची लेक निघाली, ती कानबाई म्हणताच ताटलीला हात लावून पाया पडली आणि तिच्याच दारात आम्ही दहा मिनिटं गप्पा मारल्या.

पाचवं राहिलं. खाली पार्किंगच्या कोपऱ्यात आमच्या वॉचमनची खोली आहे. नवराबायको सातपुड्याच्या पायथ्याचे, यावलच्या वरच्या बाजूचे. तिथली शेती पावसावर, म्हणून वर्षाचे बरेच महिने इथे. ती बाई जिने झाडते. रोज माझ्या दाराशी येते, मी तिला चहा देते, जुन्या साड्या देते. तिच्याकडून मी कधी काही घेतलेलं नव्हतं. दारात उभी राहिले तर तिला वाटलं मी काही द्यायला आले आहे. ती हात पुसत पुढे आली आणि ताटलीत बघितलं.

"काय आहे आजी?"

"मागायला आले आहे. मूठभर गहू दे."

ती हसली. "काय आजी, थट्टा करता का गरिबाची?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, त्या मडकं झाडणाऱ्या म्हातारीसकट. ती ऐकत होती, मध्येच गॅस बारीक करून आली.

"आमचं रेशनचं आहे बरं. किडे असतील. देवीला चालतं?"

"तिला तेच चालतं."

"मग रेशनवाल्यालाच बसवा ना चौरंगावर!" आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसली की आतून नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. मग तिने डबा काढला, सुपात थोडे गहू घेतले आणि तिथेच उकिडवी बसून निवडायला लागली. मी म्हटलं, राहू दे, मी निवडेन. तर म्हणाली, "असं कसं. देतो तर नीट देतो."

तिने दोन मुठी घातल्या. मी एकच हवी म्हटलं. ती म्हणाली, "दोन आहेत ना माझे. आईकडे ठेवलेत, तिकडे डोंगरात. शाळेत जातात." मग डब्याचं झाकण लावत, "आमचीपण आहे अशी एक माय. दगड आहे नुसता, झाडाखाली. तिला मी चार महिने बघितलं नाही. तुमचीला बघायला येऊ का उद्या?"

मी म्हटलं, ये. अवश्य ये.

गिरणीतून दळण आणलं. रविवारी दुपारी तुमची धाकटी आजी पुतण्याच्या गाडीतून आली. आम्ही दोघींनी देवी मांडली, रोट केले. संध्याकाळी वॉचमनची बायको नवी साडी नेसून आली. देवीचं दर्शन कोणीही घ्यावं, फक्त रोट घरच्यांचे. ती चौरंगापुढे बसली आणि तिच्या भाषेत बराच वेळ बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही, पण दोन वेळा तिने हाताने उंची दाखवली, एक कमरेएवढी, एक त्याहून खाली. मुलं किती वाढली असतील ते देवीला सांगत होती. मी स्वयंपाकघरात गेले. मला तुमची उंची हाताने दाखवता आली नसती. फोनच्या पडद्यात कोण किती वाढलं ते समजत नाही.

रात्री जेवायला आम्ही दोघीच. अठरा माणसांचे रोट आणि पंगत दोघींची. तुमची धाकटी आजी एक रोट खाऊन थांबली.

"अक्का, माले साखर शे. डॉक्टर मारी टाकी."

"मग हे कोण खाणार?"

"तेच तर मी म्हनी ऱ्हायनू ना!" ती चिडून म्हणाली आणि मग आवाज खाली आणला. "अक्का, ती गरिबनी शे. पन एकलीनी नही. तिले तोंडं लागतस."

मला ते लागलं. लागलं, कारण खोटं नव्हतं. चौरंगावर ती नथ घालून बसलेली, आणि समोर दोन म्हाताऱ्या, एकीला मधुमेह आणि एकीला दात नाहीत. माझ्या तीन मुठींसाठी मी तिला या रिकाम्या घरात धरून ठेवत होते.

"ने," मी म्हणाले. "पण माझ्या नातवंडांच्या तीन मुठी मोजायच्या."

"आनि बठनार नही तरी?"

"तरी."

"पोरीस्नी पन?"

"पोरींची आधी."

"भाऊबंद बोलतीन, अक्का."

"मायपुढे बोलले होते का?"

ती खिरीची वाटी फिरवत राहिली. मग म्हणाली, "मोजसू. तिन्ही मोजसू. कोनी बोलनं ते मी देखी लिसू. पन मनी एक गोट ऐक. त्या तीन रोट मी खावाव नही. आनि दुसराले दिवाव नही. त्या खावाले तू येजो. दर साल. पाच घरना गहू तू लई येजो आनि तेस्ना रोट तूच खाजो. नही उनी, ते त्या साल मोजाव नही."

अशी ती आहे. चौथी शिकलेली, पण तिच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. मी गेले नाही, तर त्या वर्षी तुमच्या मुठी नाहीत. मी कबूल झाले.

सोमवारी सकाळी देवीला मेहरूणच्या तलावावर नेलं. माझ्या गुडघ्यामुळे तिने डोक्यावर घेतली, मी मागून चालले. परत आल्यावर मी नारळाची नथ काढली, डोळे तसेच ठेवले, कापडात बांधला. गाडीत बसल्यावर तो तिच्या मांडीवर दिला. माय बसायच्या तशीच ती बसली, दोन्ही हात त्यावर ठेवून. गावचे रोट डब्यात गेले. तुमचे तीन, तुमच्या आईबाबांचे दोन आणि माझा, एवढे इथे उरले.

गाडी गेली. वर आले. चौरंग पुसून भिंतीला उभा केला. खोलीत अगरबत्तीचा वास होता, बाकी काही नव्हतं. मी बराच वेळ उगाच इकडून तिकडे वस्तू ठेवत होते.

तर आता तुम्हाला सांगायचं ते हे. तुमच्या तीन मुठी यापुढे सोनगीरजवळच्या त्या घरात आहेत. कधी इकडे आलात आणि मी नसले, तर तिथे जा. श्रावणात गेलात तर बरं. धाकटी आजी बोलायला तिखट आहे, घाबरू नका. तिला सांगायचं, आम्ही आमचे रोट खायला आलो. आणि हो, रिकाम्या हाताने जाऊ नका. पाच घरी मागून जा. तिथे तुमच्या देशात गहू मागितलेले चालतात की नाही मला माहीत नाही, लोक काय म्हणतील तेही माहीत नाही. माझ्याच बिल्डिंगमध्ये काय झालं ते तुम्ही वाचलंत.

सोमवारी आईबाबांचे आणि माझा संपवला. मंगळवारी मोठीचा खाल्ला, तूप घालून. काल मधलीचा. आज गुरुवार, धाकट्याचा राहिला आहे. चार दिवसांत तो इतका कडक झालाय की माझ्याच्याने तुटेना, म्हणून दुपारी दुधात घालून ठेवला आणि भिजेपर्यंत हे लिहीत बसले. आता उठते. पौर्णिमेच्या आत संपवायचा आहे.